दोन खिडक्यांची चकती

३ नोव्हेंबर

स्क्रूंच्या डबीत आज एक परकी वस्तू सापडली. नाण्याएवढी पोलादी चकती. तिला समोरासमोर दोन खिडक्या, मागच्या अंगाला दोन छोटे कान. सोबत एक स्प्रिंग, करंगळीने दाबली तरी बसेल इतकी मऊ.

आधी माझीच वाटली. ज्या पितळी जबड्यांत मी कवळ्या बसवून चावून पाहते, त्यांचे सुटे भाग त्या डबीत असतात. सगळे जबडे काढून पाहिले. चकती एकातही जात नाही, आणि एकातलंही काही कमी नाही.

म्हणजे ती धाकट्या भावाची.

काल संध्याकाळी त्याने इंजिनाचा शेवटचा नट आवळला आणि हात न धुता मला उचललं. माझ्या पांढऱ्या कोटावर त्याचे पंजे अजून आहेत. "ताई, लोकांनी इंजिन परत जोडलं की मूठभर सामान उरतं," म्हणाला. "माझं बघ. एक वायसर उरला नाही."

गेल्या वर्षी त्याचं घर मोडलं तेव्हा तो माझ्याकडे दोन बॅगा आणि काही पोती घेऊन आला. पोत्यांत साठएक वर्षांची ब्रिटिश मोटरसायकल होती, भंगारातून उचललेली, टाकीवरचं नाव खरवडलेलं. आता एक डिसेंबरला त्याला दूरच्या शहरात एका कारखान्यात रुजू व्हायचंय. जाईन तर हिच्यावर बसूनच, असं त्याने जाहीर केलंय. इंजिन अजून स्टँडवर आहे. वीस-बावीस तारखेला सांगाड्यात चढवणार.

चकती इंजिनातली असेल तर सगळं परत उघडावं लागेल. नसेल तर उगाच त्याच्या जिवाला घोर. आधी खात्री करते. मग सांगते.

४ नोव्हेंबर

चकती डबीत कशी गेली ते कळलं. आमच्याकडे टेबल एकच. एका टोकाला कवळ्या, दुसऱ्या टोकाला इंजिन, मध्ये सीमा म्हणून एक लाकडी पट्टी, जी दोघंही पाळत नाही. मागे दाताच्या डॉक्टरीणबाईंचं बरंच काम एकदम आलं होतं. त्याचं सामान सारून मी माझ्या ताटल्या मांडल्या. लहान, गोल, चकचकीत काही दिसलं की माझा हात ते उचलतो आणि डबीत टाकतो. तसंच झालं असणार.

कुठे सापडली, असं तो विचारेल. माझ्याच डबीत, म्हणावं लागेल. पण मी गप्प आहे ते त्यासाठी नाही. मला वाटतं.

५ नोव्हेंबर

भिंगाखाली धरली.

मी झीज वाचून पोट भरते. जुनी कवळी हातात आली की माणूस कुठल्या बाजूने चावतो, झोपेत दात खातो का, शिवताना दोरा दातांनी तोडतो का, ते दिसतं. चकतीलाही तसंच विचारलं.

एक बाजू आरशासारखी. तिच्यावर बारीक गोल रेघा, सगळ्या एकाच केंद्राभोवती. म्हणजे ती कशाला तरी टेकून फिरत होती. सरकत नव्हती, आपटत नव्हती. कानांची झीज एकाच कडेला. म्हणजे कोणीतरी तिला कानांना धरून फिरवत होतं, कायम एकाच दिशेने. स्प्रिंग नुसतं टेकवून ठेवण्यापुरती. खिडक्यांच्या कडांना काजळी नाही, तेव्हा पेट्रोल जळतं तिथली ती नव्हे.

टेकलेली, फिरणारी, खिडक्यांची. त्या खिडक्यांतून काय जात होतं?

धाकट्याने विचारलं, "कोणाचा दात एवढा बघतेस?" मी म्हणाले, नवीन पेशंट आहे.

७ नोव्हेंबर

स्पेअरवाल्या काकांकडे जाऊन आले. त्यांचं दुकान म्हणजे एक बोळ आहे. दोन्हीकडे फळ्या, आणि दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे जायचं. काका तेलाच्या उपड्या डब्यावर बसलेले होते. चकती त्यांनी तळहातावर तोलली.

"कुठल्या गाडीचं?"

"ते तुम्ही सांगायचं."

"कुकरचं आहे."

"काका!"

"मग शिलाई मशीनचं." चष्मा वर करून परत पाहिलं. "नाही सांगता येत, बाई. पण ब्रिटिश गाडी म्हणालात ना? मग एक ध्यानात ठेवा. ती तेल गाळणार. खाली थेंब दिसले तर आत तेल आहे म्हणायचं. थेंब थांबले की घाबरायचं."

हा विनोद त्यांनी इतक्यांदा केला असावा की स्वतः हसायचं विसरले.

"सगळ्याच गळतात?"

"सगळ्याच."

"का?"

"का काय का? गळतात." त्यांनी चकती परत दिली. "भावाला नाही का विचारायचं? रोज तर येतो माझं डोकं खायला."

"मी आले होते ते त्याला सांगू नका."

"का? वाढदिवस आहे काय त्याचा?"

मी हो म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

वाटेत त्यांचं बोलणं डोक्यात राहिलं. सगळ्या गळतात हे उत्तर नाही झालं. सगळ्यांच्या कवळ्या टोचतात असं कोणी म्हणालं तर मी ऐकून घेईन का?

८ नोव्हेंबर

फोनवर शोधलं. गोल, मधे दोन भोकं. बटणं आली. कोटाची, सदऱ्याची, शिंपल्याची. शिंपल्याची फार सुरेख होती.

९ नोव्हेंबर

धाकट्याला म्हणाले, तुझं दुरुस्तीचं पुस्तक बघू.

"खरंच?" तो इतका खूश झाला की मला ओशाळल्यासारखं झालं. वर्षभर तो त्या पुस्तकात डोकं घालून बसलेला, आणि मी एकदाही मागितलं नव्हतं. छापून आणलेली पानं, तेलाने पारदर्शक झालेली. चित्रांत प्रत्येक भाग आपल्या जागेपासून थोडा दूर, हवेत, एका रेषेत. मी एकेक पान पाहिलं. चकती कुठेच नाही.

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कोडं फक्त जास्त घट्ट झालं.

मग इंजिन पाहिलं. त्याच्या पोटाच्या डाव्या अंगाला, मागे, बोटभर नळी बाहेर आली आहे.

"ही कशाची?"

"ती पुस्तकात नाही. मधल्या कोणातरी मालकाने ठोकली असेल. होती तशी ठेवली."

मी नळीच्या बुडाशी बोट फिरवलं. नंतर बसवलेला दात मला बोटाला कळतो. ही नळी पहिल्यापासूनची आहे.

"पुस्तक याच गाडीचं आहे ना?"

"चार-पाच वर्षं पुढच्या मॉडेलचं. पण तीच गं. जवळजवळ तीच."

जवळजवळ बसणारी कवळी लोक पेल्यात ठेवतात. हे मी बोलले नाही. पण पुस्तकात नाहीत अशा आता दोन गोष्टी झाल्या. एक जागा नसलेली चकती आणि एक काम नसलेली नळी.

१२ नोव्हेंबर

चहा पिताना विचारलं, "पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्या खालची हवा कुठे जाते?"

त्याचा कप ओठांपाशी थांबला. "पोटात. असते तिथेच."

"मावते?"

"मावते म्हणजे, दाटीवाटीनं बसते."

"आणि या गाडीचे दोन्ही पिस्टन?"

"जोडीनं खाली, जोडीनं वर."

"मग दाटी दुप्पट."

"ताई, तू दातांचं बघ ना." पण त्याला ते आवडलं होतं. कप, बशी, चमचे मांडून त्याने मला अख्खं इंजिन दाखवलं. झडपा उघडणारा दांडा, कॅमशाफ्ट, बरोबर अर्ध्या वेगाने फिरतो: इंजिनाच्या दोन फेऱ्या, त्याची एक. "का?" "कारण चार पायऱ्या असतात ताई, आणि..." चहा गार झाला. दुसरा केला. तोही गार झाला.

तो आंघोळीला गेल्यावर मी साचा ओतायला बसले आणि मध्येच हात थांबला.

चकती त्या दांड्याच्या टोकाला असेल तर तीही अर्ध्या वेगाने फिरणार. तिची एक फेरी होईतो पिस्टन दोनदा खाली येणार. दोनदा खाली, म्हणून दोन खिडक्या. पिस्टन खाली आले की एक खिडकी नळीसमोर, दाटलेली हवा बाहेर. पिस्टन वर चालले की खिडकी सरकली, नळी बंद, बाहेरचं आत काही नाही.

इंजिन फक्त उच्छ्वास सोडतं. पोटात दाब साठत नाही, आणि तेलाला जोडांतून बाहेर ढकलणारं कोणी राहत नाही.

ओरडावंसं वाटलं. बाथरूमपर्यंत गेले आणि परत आले. साच्यासाठी कालवलेलं प्लॅस्टर वाटीतच घट्ट झालं होतं.

१६ नोव्हेंबर

तो टायर आणायला गेला. मी प्रयोग केला.

चकती आत असती तर नळीतून फक्त हवा बाहेर आली असती. नसेल तर आत-बाहेर, दोन्ही. माझ्या पातळ हातमोज्याचं एक बोट कापलं, नळीवर चढवलं, दोऱ्याने बांधलं. स्पार्क प्लग काढून ठेवलेलेच होते. किकची दांडी हाताने हळूहळू दाबली.

बोट फुगलं. ताठ उभं राहिलं, मला काही सांगायचंय असं. मग आत ओढलं गेलं, पार उलटं होऊन. परत फुगलं. परत ओढलं गेलं.

किती वेळ तेच करत बसले. कोडं सुटलं याचा आनंद होता, तो लपवणार नाही. चकती याच इंजिनाची आहे आणि ती बाहेर राहिली आहे. फाटकाचा आवाज आला तेव्हा दोरा दातांनी तोडला.

१७ नोव्हेंबर

आता सांगायला हवं.

पण सांगून काय होईल? चकतीची जागा पोटाच्या दोन अर्ध्या भागांच्या आत. म्हणजे डोकं, सिलिंडर, दोन्ही बाजूंची झाकणं, सगळं उतरवायचं. एक डिसेंबर गेली. जूनमध्येही त्याला अशीच एक नोकरी आली होती. तेव्हा म्हणाला, गाडी अर्धी टाकून कसा जाऊ? गेला नाही. मला फार राग आला होता. म्हणजे, राग आलाय असं मी त्याला सांगितलं होतं.

न सांगावं तर? काका म्हणतात सगळ्याच गळतात. तो तेलाचा डबा सोबत ठेवील. पोहोचेल. किंवा तेल संपल्याचं त्याला कळणार नाही आणि इंजिन रस्त्यातच जाम होईल, आणि तो कुठल्यातरी अनोळखी गावाबाहेर तिच्याशेजारी बसेल.

दोन्हीकडून त्याचंच भलं पाहतेय. माझा काही प्रश्न नाही.

१९ नोव्हेंबर

संध्याकाळी तो दारातूनच म्हणाला, "ताई, काकांनी मला हात मिळवून शुभेच्छा दिल्या. वर एक प्लग फुकट दिला. माझा वाढदिवस एप्रिलात असतो ना?"

मी हात धुतले. हातमोज्याचं बोट नळीवर चढवलं आणि त्याला म्हणाले, किक दाब. हळू.

बोट फुगलं, आत गेलं. त्याने स्वतः खूपदा करून पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू जात जात गेलं. मग मी चकती त्याच्या हातावर ठेवली आणि खिडक्यांचं गणित सांगितलं. मध्येच त्याने मान हलवायला सुरुवात केली. तो माझ्यापुढे निघून गेला होता.

"ही मला आठवते," तो म्हणाला. "उघडताना हातात आली होती. जोडताना पुस्तकात दिसली नाही, इथेही दिसली नाही. म्हटलं, होतीच कुठे! कुठे मिळाली?"

"माझ्या डबीत."

"केव्हा?"

"तीन तारखेला."

"आणि आज सांगतेस?"

"आज नक्की झालं," मी म्हणाले. हे खरं नाही.

तो खुर्चीवर बसला. शिव्या देईल असं वाटलं. हसायला लागला. "वा! सबंध वर्ष! पुढच्या मॉडेलचं पुस्तक उघडून मागच्या मॉडेलचं इंजिन जोडणारा एकच गाढव, आणि त्याच्या नाकासमोरून भाग पळवणारी त्याची बहीण."

मला बरं वाटलं. मी म्हणाले, काही बिघडलं नाही, परत उघडू, मी आहे मदतीला, महिना-दीड महिना लागेल, कारखान्याला कळव, तारीख पुढची माग, नाही दिली तर नाही, नोकऱ्या काय मिळतात, तुझी खोली आहेच, तिथे नवीन दिवा लावू, टेबलही मोठं घेऊ, मी परवा एक पाहून ठेवलंय...

"ताई," तो म्हणाला. "श्वास घे."

२१ नोव्हेंबर

सकाळी तो म्हणाला, बसने जातो.

"जाईन तर हिच्यावरूनच म्हणाला होतास."

"जूनमध्येही असंच काहीतरी म्हणालो होतो. एकदा पुरे झालं."

मी म्हणाले, शहाणा आहेस. आणि कामाला बसले. मेण फार तापलं, दोन कवळ्यांचे दात जागचे हलले. दोन्ही पहिल्यापासून कराव्या लागल्या. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. बर्नर बदलायला हवा.

२९ नोव्हेंबर

त्याला बसवून आले. खिडकीतून म्हणाला, "इंजिनाला हात लावू नकोस. सुट्टी मिळाली की येऊन उघडीन."

"केव्हा मिळेल?"

"नवीन नोकरी आहे, बघू. धूळ पुसत जा फक्त."

"आणि चकती?"

"राहू दे तुझ्या डबीत. आता रुळली असेल ती."

बस सुटल्यावर शेजारी उभ्या असलेल्या बाईने विचारलं, मुलगा का? मी म्हणाले, भाऊ. मग उगाचच म्हणाले, मेकॅनिक आहे.

४ डिसेंबर

घर शांत आहे. काम भरभर होतं. टेबल पूर्ण माझं. लाकडी पट्टी काढून टाकली. नंतर परत ठेवली. तिच्याविना प्लॅस्टर फार पसरतं.

एक प्रश्न राहून गेला आहे. चकती ज्या जागेवर टेकते ती जागा कशी असेल? चकतीवर रेघा आहेत तर तिच्यावरही असणार, जोडीच्या. वरच्या दातांना जे झालं ते खालच्यांनाही होतं. ते पाहिलं नाही तर रोगाचं निदान अर्धंच.

नुसतं वरचं झाकण उतरवून काही दिसणार नाही.

५ डिसेंबर

वरचं झाकण उतरवलं.

११ डिसेंबर

दुपारी कवळ्या, चारनंतर इंजिन. काढलेला प्रत्येक भाग कवळ्यांच्या ताटल्यांत ठेवते, चिठ्ठी लावून, पेशंटच्या कवळ्यांसारखा. सिलिंडर उतरले. घट्ट बसलेले गिअर ओढून काढायला त्याने बनवलेले पुलर कुठे असतात ते मला माहीत होतं. कसे वापरायचे ते माहीत नव्हतं. एक अंगठा काळानिळा करून कळलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय झालं? पेशंट चावला, म्हणाले.

पुस्तक आता मीही वाचते. जिथे पुस्तक आणि इंजिन पटत नाहीत तिथे इंजिनाचं ऐकते.

१६ डिसेंबर

पोट उघडलं. प्लॅस्टर फोडायच्या लाकडी हातोडीने कडेकडेने ठोकत गेले आणि दोन्ही अर्धे भाग पेरू चिरल्यासारखे वेगळे झाले. डाव्या भागात, कॅमशाफ्टच्या टोकाशी, ती जागा. तिच्यावर गोल रेघा. तिच्या आतून बाहेरच्या नळीपर्यंत जाणारं भोक.

आनंद कोणाला तरी सांगायलाच हवा होता. धाकट्याला फोन केला.

"काय केलंस?"

"उघडलं."

"किती?"

"पोटापर्यंत."

तिकडे काहीतरी पडलं. "एकटीनं? मी काय सांगितलं होतं! बेअरिंगला धक्का नाही ना लागला? गिअर ओढताना हातोडी नाही ना मारलीस? शिम कुठे आहेत, त्या पातळ कड्या?"

"ताटलीत. चिठ्ठी लावून."

 मग म्हणाला, "जागा कशी आहे?"

मी सांगितलं. रेघा, भोक, सगळं. तो मध्ये मध्ये विचारत राहिला. रेघा खोल आहेत का? नख अडतं का? कडेला गंज? त्याची जेवणाची सुट्टी तिथेच गेली असावी.

"जोडायला घेऊ का?" मी विचारलं.

"नको. मी येतो. शुक्रवारी निघतो."

"एवढ्यासाठी? आत्ता तर रुजू झालास. मला जमेल."

"माहितेय जमेल."

"मग?"

"येतो म्हटलं ना ताई."

फोन ठेवला आणि चिडले. एवढं सगळं उघडलं, एक शिम हरवला नाही, तरी याचा माझ्यावर विश्वास नाही. इतक्या दुरून येणार. रविवारी परत जाणार. कशासाठी?

१७ डिसेंबर

चकती बसवून पाहिली. स्प्रिंग आधी, मग चकती. कान दांड्याच्या खाचेत गेले. आरशाची बाजू जागेवर टेकली, रेघा रेघांवर आल्या. बोटाने दांडा फिरवला. खिडकी भोकासमोर आली, सरकली. दुसरी आली, सरकली. जराही खरखर नाही. जबड्यात कवळी पहिल्याच वेळी बरोबर मिटते तेव्हाही इतकं समाधान होत नाही.

आता जोडाला लेप लावायचा, दोन अर्धे भाग मिटवायचे, बोल्ट आवळायचे. सगळं हाताशी होतं. संध्याकाळच्या आत झालं असतं.

थोडा वेळ फिरवत बसले. मग चकती बाहेर काढली, स्प्रिंग काढली, दोन्ही पुसून मऊ कापडात गुंडाळून ठेवली. त्याला यातलं सांगणार नाही. शेवटचं त्याने बसवावं. इंजिन त्याचं आहे.